बापावर गेलेली

प्रिय मावशी,

तुझा फोन दोनदा वाजून गेला आणि मी तो मुद्दाम उचलला नाही. रागावू नकोस. फोनवर मी बोलत नाही, भाषण ठोकते, ही तुझीच तक्रार आहे, आणि आज जे सांगायचं आहे ते भाषणात बसणारं नाही. म्हणून सरळ कागद घेऊन बसले आहे. अक्षर तुला लागेल असं काढते आहे. चष्मा शोधून ठेव, पत्र लांबणार.

मी जिची वकील होते त्या पोरीचा खटला तुला अर्धामुर्धा ठाऊक आहे. पॅकिंगच्या कारखान्यात खोकी बांधणारी, अजून विशीही न गाठलेली. मुकादमाने सगळ्यांदेखत तिच्या हातातला जेवणाचा डबा हिसकावला आणि तिने शेजारची लोखंडी कांब उचलून त्याच्या खांद्यावर घातली. हाड मोडलं. तो माणूस रोज गळ्यात हात अडकवून कोर्टात बसायचा, शेजारी त्याची बायको. ती माझ्याकडे बघायची तेव्हा मला नजर खाली घालावी लागायची, कारण मोडलेलं हाड हे मोडलेलंच असतं, त्यावर कुठलंही वक्तृत्व चालत नाही. पोरीने गुन्हा कबूलच केला होता. प्रश्न उरला होता एवढाच, की तिला काही वर्षांसाठी आत घालायचं की कुणाच्या तरी देखरेखीखाली बाहेर ठेवायचं.

सरकारी वकिलांनी तिच्या बापाची कुंडलीच मांडली. मारामारीपायी तो तुरुंगात राहून आलेला, आजाही तसलाच. मग चष्मा काढून, पुसत पुसत, अगदी घरगुती आवाजात ते न्यायाधीशबाईंना म्हणाले, “हे रक्तातलंच आहे, बाईसाहेब. त्याला आपण तरी काय करणार?” मावशी, हे वाक्य मी पहिल्यांदा कुठे ऐकलं ते तुला सांगायला नको. आपल्या जिन्यात ऐकलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलीचा दात मी पाडला होता आणि काकू अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या होत्या, “बापावर गेली आहे हो, दुसरं काय!” तू खालून पिशव्या घेऊन येत होतीस. पिशव्या पायरीवर ठेवल्यास, पदराने घाम पुसलास आणि विचारलंस, “तुमचा थोरला कुणावर गेलाय ते मी विचारलंय का कधी?” काकू आत गेल्या. दार लावल्याचा आवाजसुद्धा हळू आला. त्या दिवसापासून आपल्या घरात ते वाक्य बंद झालं. भांडणात नाही, थट्टेत नाही, पाहुण्यांच्या तोंडीही नाही. मामा एकदा जेवताना चुकून बोलून गेले तर तू त्यांच्या पानात वाढता वाढता थांबलीस. पळी तशीच हवेत. त्यांनी शब्द मागे घेतला तेव्हा ती खाली आली.

तर ते वाक्य कोर्टात ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. तू म्हणतेस तशी मी तोफ, आणि तोफेला बत्ती लागली. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मोठमोठे विद्वान कैद्यांच्या कवट्या मोजत बसायचे, जबडा आणि कान बघून चोर कोण ते सांगायचे. मी ते सगळं वाचलेलं आहे, आणि वाचून वाचून माझं मत पक्कं झालेलं आहे की जन्माच्या नावाने माणसाला शिक्षा देण्याइतकी नीच गोष्ट नाही. म्हणूनच मेंदूच्या डॉक्टरीणबाईंना साक्षीला बोलवायला मी आधी तयार नव्हते. शरीराचं काही काढलं की लोक लगेच रक्तावर येतात, ही माझी भीती. पण पोरीची आई भेटायला आली आणि बोलता बोलता एक गोष्ट सांगून गेली. नवरा घराच्या मागच्या बाजूला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा. घरात मोठं पातेलं एकच. मुलं सारखी आजारी पडतात म्हणून दवाखान्यातून सांगितलं, पाणी उकळून पाजा. मग ती बिचारी रोज ते शिसं वितळवलेलं पातेलं राखेने लख्ख घासायची आणि त्यातच मुलांचं पाणी उकळायची. दुपारच्या भाजीत मीठ विसरली असेल, पण पाणी उकळायला ती कधी विसरली नाही.

डॉक्टरीणबाईंनी साक्षीत तेच उलगडून सांगितलं. शिसं लहान मुलाच्या मेंदूत जातं तेव्हा पहिला मार बसतो तो आवर घालणाऱ्या भागाला. हात उचलण्याआधी आपल्याला जो क्षणभराचा अवधी मिळतो ना, तो त्या भागाचा. त्यात ही पोटात असताना आईने खाल्लेला मार. पाळण्यात असल्यापासून घरातली आरडाओरड. सतत धोक्यात वाढलेल्या मुलाचं शरीर धोका नसतानाही दबा धरून बसतं. सरकारी वकील उठले, “म्हणजे हिचं गुन्हेगार होणं ठरलेलंच होतं, असंच ना?” बाई शांतपणे म्हणाल्या, “तिचे दोन भाऊही तेच पाणी प्यायले. एक बस चालवतो, दुसऱ्याचं केस कापायचं दुकान आहे. शक्यता वाढते, साहेब. शक्यता म्हणजे निकाल नाही.” मला उठून त्यांना मिठी मारावीशी वाटली. आयुष्यभर मी ज्या दाराला पाठ लावून उभी होते, तेच दार त्यांनी उघडून दाखवलं. शरीराला इतिहास असतो हे मान्य करूनही माणसाच्या बाजूने उभं राहता येतं. मग मी बोलले. काय बोलले ते विचारू नकोस, शिपायाने सांगितलं की बाहेरच्या चहावाल्यालाही सगळं ऐकू गेलं. एवढंच सांगते, की मी म्हटलं, ज्या मेंदूला विष पाजलं गेलं त्याला पुन्हा घडायची संधी आपण एकदाही दिली नाही, आणि आता त्याला कोंडून तो सुधारेल अशी आशा धरतो आहोत.

आणि हे बोलत असताना, मावशी, माझ्या डोळ्यांपुढे तुझी लाँड्री होती. ती वाफ, तो साबणाचा वास, इस्पितळाच्या पांढऱ्या चादरींचे ढीग. ज्या पोरीचा मी दात पाडला तिला तू तिच्या आईची समजूत घालून शनिवारी तिथे घेऊन आलीस, आणि एका मोठ्या चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या हातात. मी हिसका दिला की ती फरफटत पुढे यायची. मी सैल सोडली की चादर जमिनीला लागायची आणि तू ती पुन्हा धुवायला टाकायचीस. “ओढतेस काय गं, ती काय म्हैस आहे? तिच्याकडे बघ. ती पाऊल टाकेल तेव्हा तू टाक.” बायका हसायच्या. दुपारपर्यंत आम्हा दोघींची पावलं जुळली आणि संध्याकाळी आम्हीच हसत होतो. कुणाशी मारामारी केली की त्याच्यासोबत चादरी, हा तुझा कायदा होता. माझ्यामुळे त्या लाँड्रीला निम्म्या शाळेची फुकट मदत झाली असेल. आणि मी हात उगारला की तुझे ते प्रश्न: पोट रिकामं आहे का, झोप झाली नाही का, की कुणाची भीती वाटली? उत्तर दिल्याशिवाय तू शिक्षाही द्यायची नाहीस. माझं उत्तर बहुतेक वेळा तिसरं असायचं. आज मला कळतं, की ज्या क्षणभराच्या अवधीबद्दल डॉक्टरीणबाई बोलत होत्या, तो माझ्यात नव्हता. तो तू विचारायचीस तेवढ्या वेळात, रोज थोडा थोडा, माझ्यात तयार होत गेला.

हे मी तुला कधी म्हटलं नाही. आपण दोघी कितीतरी गोष्टी न म्हणता जगलो. बाबांनी जिला मारून टाकलं ती माझी आई होती हे सगळ्यांनी मला सांगितलं, पण ती तुझी पाठची बहीण होती, जिच्या वेण्या तू घालायचीस, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. माझं नाक बाबांचं, भुवया बाबांच्या, रागाने ओठ दाबायची लकबही त्यांचीच. तो चेहरा तू रोज सकाळी उठवलास, धुतलास, त्याला भरवलंस, तापात त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्यास. बापावर गेली आहे असं म्हणायचा खरा अधिकार कुणाला होता तर तुला, आणि तू तो शब्द घराबाहेर काढलास.

आता बातमी. न्यायाधीशबाईंनी पोरीला तुरुंगात पाठवलं नाही. मुकादमाच्या उपचाराची भरपाई आणि काही वर्षं देखरेखीखाली राहायचं, असा निकाल झाला. पण तिने आईबापाच्या त्या घरात राहायचं नाही, ही अट. तिला ठेवून कोण घेणार, हमी कोण देणार, असं त्यांनी विचारलं. आईने मान खाली घातली. भावांच्या बायका भिंतीकडे बघायला लागल्या. मी इतकी वर्षं समाजाने जबाबदारी घ्यावी म्हणून घसा फोडते आहे, आणि तिथे समाज म्हणून दुसरं कुणीच उभं नव्हतं. मी म्हटलं, “माझ्या घरी.”

सोमवारी ती येते आहे. आणि खरं सांगते, कालपासून मी ड्रॉवर उघडून बघते आहे की स्वयंपाकघरातल्या सुऱ्या कुठे लपवाव्यात. एक तर कपड्यांच्या कपाटातही ठेवून आले. तिथेच मला तुझं स्वयंपाकघर आठवलं. मी तुझ्याकडे आले त्याच आठवड्यात तू मला पाटावर बसवलंस, समोर काकड्या ठेवल्यास आणि सुरी दिलीस, मूठ माझ्याकडे करून. बाबांनी आईवर उगारली होती तसलीच सुरी. आणि मग तू माझ्याकडे पाठ फिरवून भांडी घासायला लागलीस. मी काकड्या चिरत होते आणि तू एकदाही वळून बघितलं नाहीस. हे पत्र मी तेवढ्यासाठी लिहिते आहे, मावशी. त्या वेळी तुला भीती वाटत होती का? वाटत होती तर उभी कशी राहिलीस, ते मला सोमवारच्या आत सांग. वाटली नव्हती म्हणालीस तर मी विश्वास ठेवणार नाही, पण तरीही सांग. ती कपाटातली सुरी मी आत्ता उठून परत आणते.

तुझीच,
लेक