आधी काकडी, मग पोळी

२ जानेवारी, सकाळी ७.१०
रिपोर्ट आले. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. राजनंदिनीचीही ६.१. बायकोला सगळ्यात माझी बरोबरी करायची असते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी नको, जेवणाची पद्धत बदला. आधी काकडी-कोशिंबीर, मग उसळ, पोळी-भात शेवटी. सावकाश चावायचं. जेवून पंधरा मिनिटं चालायचं. एवढंच? शेंद्र्याच्या कारखान्यात दोनशे माणसं मी वेळेवर हलवतो. पोट काय चीज आहे!

शेजारच्या फारूखभाईंचा मुलगा झीशान सौदीहून येतोय म्हणून त्यांनी ५ एप्रिलला नान-कलियाची, म्हणजे नान आणि मटणाच्या झणझणीत रश्श्याची, दावत ठेवली आहे. राजनंदिनीची अट: ज्याची साखर उतरेल त्यानं खायचं, दुसऱ्यानं घरचा डबा न्यायचा. कबूल केलं. बिचारीचं वाईट वाटतं.

५ जानेवारी
काकडी संपेपर्यंत पोळी गार होते. क्रम किंचित बदलला. आधी पोळी, मग काकडी. पोटात सगळं एकच होतं. चार पोळ्यांनंतर काकडीला जागा उरली नाही. राजनंदिनी मागून जेवते, तिच्या ताटात सरकवली. अन्न वाया गेलेलं मला खपत नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. तीळगूळ अकरा. साखर नव्हे, गूळ.

२० जानेवारी, रात्री ९
पावलं मोजणारं घड्याळ घेतलं. जेवल्यावर डोळे जड झाले. राजनंदिनी दही आणायला निघालीच होती, तिच्या मनगटावर बांधलं. २,१०० पावलं! फार समाधान वाटलं. उद्यापासून दही रोज लागेल.

१ फेब्रुवारी
बिडकीनला कारखान्यातल्या फकिराच्या शेतात हुरडा. हिरवा, म्हणजे भाजीच. म्हणून तोच आधी खाल्ला. नंतरही तोच. फकिरा म्हणे, सायेब, दुसऱ्यायला बी ठिवा की थोडा. यांना आहारशास्त्र समजत नाही.

११ मार्च
कँटीनमध्ये ‘जेवणाचा क्रम’ यावर बोललो. टाळ्या. नंतर जिलेबी. प्रत्येक वेढा सावकाश चावला.

४ एप्रिल, दुपारी १२
नवे रिपोर्ट आले. ५.५!! फारूखभाईंना फोन केला, माझे दोन नान वाढवा.

दुपारी १२.२०
राजनंदिनीनं चष्मा आणून दिला. ५.५ तिचा. माझा ६.४. लॅबची काहीतरी चूक असणार. दोनदा वाचलं. नाही.
तीन महिने माझी काकडी तिनं खाल्ली. माझी पावलं ती चालली. लाज वाटली. भूकही लागली.

५ एप्रिल
दावत. कलियाचा वास जिन्यापर्यंत. मी डबा उघडला: काकडी, मटकी, एक पोळी. अख्तरीभाभींनी विचारलं, भाईसाब, हमारे हात का नै खाते क्या? मी म्हणालो, तत्त्व आहे.  राजनंदिनीसमोर गरम नान आला. तिनं हात पुढं केला, नानकडे नाही, माझ्या डब्याकडे. म्हणाली, आधी काकडी. आणि सगळी खाल्ली.

उरलेलं खाऊन मी गच्चीवर पंधरा मिनिटं चाललो. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.
घड्याळ तिच्या हातात होतं.