आष्ट्याच्या रानाची देखरेख

१० ऑक्टोबर १९९४, सोमवार
अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर मिरजेला ठरलं. अण्णा म्हणजे माझे सासरे. आष्ट्याजवळ त्यांचं रान आहे. ऑपरेशननंतर महिनाभर उन्हात, धुळीत जायचं नाही. मेहुणा सैन्यात, पठाणकोटला. म्हणजे देखरेखीला घरचा माणूस हवा. मी सोडून आहे कोण? सुताच्या गोदामात सगळी पोती मीच ओळीत लावून घेतो. रान म्हणजे मोठं गोदामच, फक्त वर पत्रा नाही.
हिला (विनोदिनीला) सांगितलं. ही म्हणाली, अण्णांनी विचारलंय का? अजून नाही. रविवारी भुईमूग काढणीला मुलांसह बोलावलंय, तेव्हा विचारतीलच. मुलांची सहल होईल आणि माझी पाहणी. परीक्षा म्हणत नाही. बारावीला दोनदा बसलो आहे. परीक्षेत माणसाची किंमत कळत नसते.

१२ ऑक्टोबर
वाचनालयातून शेतीचं पुस्तक आणलं. ‘जमिनीचे प्रकार’ संपत आलं. सायंकाळी शिट्टी घेतली. रानात हाका मारत बसणं बरं दिसत नाही. गोदामात मालकांना विचारून दिवाळीनंतरची महिनाभराची रजाही मंजूर करून घेतली. हिला सांगितलेलं नाही.

१३ ऑक्टोबर
शिट्टी धवलने घेतली. पाच वर्षांच्या मुलाकडून ओढून घेणं योग्य नव्हे. दुसरी आणली. ती मुलीने, श्रद्धाने घेतली. शेजारच्या हरणाबाई येऊन विचारून गेल्या, घरात रेफ्री कोण हाय?

१५ ऑक्टोबर
तयारी पूर्ण. उकळलेलं पाणी, बर्नोल, कापूस, छत्री, टॉर्च, मुलांचे जादा कपडे, साप आल्यास काठी. ही म्हणाली, बाळंतपणाला गेले तेव्हा एवढं सामान नव्हतं.
संकल्प: उद्या कमी बोलायचं. निरीक्षण करायचं. अण्णांना आपोआप दिसेल.

१६ ऑक्टोबर, रविवार, दुपार, रानात
लिंबाच्या सावलीत घोंगडं टाकून मला बसवलं आहे. उठलो की सासूबाई म्हणतात, बसा पाव्हणं. उपटलेले वेल घेऊन बायका शेंगा तोडताहेत. खुरपं मागितलं तर साळूबाई नावाची बाई म्हणाली, आवं पाव्हणं, हात कापून घ्याल, मग आमची विनू आमास्नी कापंल. सगळ्या हसल्या. मीही हसलो. मजुरांशी खेळीमेळीने वागावं.
मुलं चिखलात. जादा कपडे संपले.
निरीक्षण: शिस्त नाही. शेंगांचे लहानमोठे ढीग रानभर विखुरलेले. एकही ओळीत नाही. आता वीज आली म्हणून अण्णा मोटर चालू करायला गेलेत. बायका विहिरीवर भाकरी खायला गेल्या. ही आईबरोबर शेंगा भाजतेय. हीच वेळ आहे. अण्णा परत येतील तेव्हा बघतच राहतील.

त्याच दिवशी, सायंकाळ, एस.टी.ची वाट पाहताना
अण्णा बघतच राहिले.
मी आणि मुलांनी सगळे ढीग मिळून एकच सुंदर ढीग केला होता. मुलं आगगाडी करून शेंगा वाहत होती, शिट्टीसकट. मुलांना श्रमाचं महत्त्व कळलं. माझा सदरा घामाने पाठीला चिकटला.
मग बायका आल्या. इथली पद्धत अशी, की जिने तोडल्या तिचा ढीग वेगळा आणि त्यातूनच संध्याकाळी तिला वाटा मिळतो. तीच त्यांची मजुरी. हे पुस्तकात नाही. निदान मी वाचलं तिथपर्यंत तरी नाही.
साळूबाई म्हणाली, ह्यात माजा कुटला? बाळाबाई म्हणाली, तुजा कुटला असंना, माजा मोट्टा हुता. साळूबाई म्हणाली, सकाळपास्नं निम्मा येळ तंबाकू मळत हुतीस, मोट्टा कुटला? मग आणखी बरंच. मी धवलची शिट्टी घेऊन वाजवली. ते चुकलंच.
शेवटी ही ढिगाजवळ मांडी घालून बसली. म्हणाली, साळूमावशी, बाळामावशी, भांडून काय शेंगा वाढत्यात व्हय? तुमीच सांगा कुणी किती तोडल्या, ज्या कमी पडतील त्या आमच्यातल्या घ्या. आमच्यातल्या म्हणजे आम्हाला घरी न्यायला बांधून ठेवलेलं पोतं. ते सगळं गेलं. बायका जाताना हसत होत्या. बाळाबाईने श्रद्धाच्या गालाचा मुका घेतला आणि म्हणाली, तुज्या बापाला दावं लावून ठिवत जा गं.
एकंदर दिवस चांगला गेला. अण्णांना माझी तडफ दिसली. वाटणीचा प्रसंग हिने निभावला, पण ढीग एकत्र होता म्हणूनच तो आला.

१७ ऑक्टोबर
कंबर धरली आहे. बर्नोल कंबरेला चालत नाही.

२२ ऑक्टोबर
अण्णा मिरजेला डोळे दाखवून परत जाताना घरी आले. मी इस्त्रीचा सदरा घातला. चहा झाला. अण्णा म्हणाले, महिनाभर रानाकडं बगाय मानूस पायजे. मी म्हणालो, रजा मंजूर आहे. ही माझ्याकडे बघतच राहिली. अण्णा म्हणाले, लय ब्येस झालं. मग विनूला धाडतो म्हना. बायका तिचं ऐकत्यात. पोरांची शाळा हाय, ती तुमी सांबाळा.
मी विचार करून होकार दिला. कुटुंबप्रमुखाने जागा सोडू नये.

२१ नोव्हेंबर, सोमवार
अण्णांचं ऑपरेशन झालं. ही पहाटेच्या एस.टी.ने आष्ट्याला गेली. शनिवारी येईल. निघताना म्हणाली, काही एकत्र करू नका.
संकल्प: घर मुख्यालयासारखं चालवायचं. वेळापत्रक भिंतीला लावलं.
श्रद्धाची वेणी जमली नाही. धवल शाळेत बिनडब्याचा गेला, मी धावत जाऊन बिस्किटं दिली. रात्रीसाठी खिचडी टाकली. तांदूळ वर कच्चे, खाली काळे. म्हणालो, मधली खा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आपापली ताटं उचलली आणि हरणाबाईंकडे गेली.
थोड्या वेळाने धवल दारात आला. म्हणाला, काकू म्हणताहेत, बाबांनाही बोलाव, पण ताट घेऊन यायला सांग.
ताट घासून घेतलं. गेलो.