मुठीच्या बुडाशी हळद

९ ऑक्टोबर २००८, दसरा

ठरलं एकदाचं! दिवाळीच्या पाडव्याला दुकान प्रफुलला भाड्याने द्यायचं. मोबाईल विकणार म्हणे. विकू दे बापडा! सुतारी हत्यारांचं दुकान वर्ध्यात आता हवंय कोणाला — ज्याला त्याला नेटवरून पाहिजे. शब्द देऊन आलो नि छातीवरचा धोंडा उतरला. सुटलो!

पूजा मात्र सोडली नाही. एकेक पटाशी, एकेक रंधा काढून हळदीचं बोट लावलं. वडिलांची रीत — पात्यावर नाही, मुठीच्या बुडाशी, जिथे पुसणाऱ्याचं फडकं पोचत नाही. सुलोचना म्हणाली, "दुकानच देऊन राह्यले, तं हळद काऊन लावता जी?" मी पुढचा रंधा उचलला.

१३ ऑक्टोबर

सकाळभर एकच गिऱ्हाईक. रंधा उलटा केला, सुलटा केला, मोबाईलमध्ये त्यावरचा नंबर टिपला. "नेटवर पाहतो." अरे, लोखंड फोटोत कळतं का? फोटो पाहून कोणी बायको करतं का? (मी केली, सुलोचना. ते वेगळं.)

१७ ऑक्टोबर

दुपारी मी पडतो तेव्हा सुलोचना नि आमची लेक वर्षाली दुकानात बसतात. आजही रंधे गेले, एक करवत गेली. मी असताना नुसत्या माशा! "माह्या हाताले बरकत आहे," म्हणे. आहे खरी. पण आता उपयोग काय.

२२ ऑक्टोबर

सेवाग्रामचा कैलास आला. दवाखान्यात नोकरी, सुट्टीच्या दिवशी घरी टेबलं-स्टुलं करतो. नवा रंधा घेऊन आला — नेटवरून मागवलेला! पातं बसवून द्या म्हणे. मी भडकलो. माझं दुकान सोडून?

"रागावू नका काकाजी. पण तुमी रंधा दाखवाच्या आधी अर्धा घंटा लाकूड शिकवता. नेटवर कोनी बोलत नाई."

लागलं मनाला. खोट काढायचीच म्हणून मूठ सोडवली. बुडाशी पिवळं बोट. माझंच बोट!

पातं बसवून दिलं. लाकूडही शिकवलं नाही.

घरी विचारलं. वर्षाली हसायलाच लागली. उन्हाळ्यापासून नेट कॅफेत जाऊन आपल्याच मालाचे फोटो टाकते आहे! दुपारी दोघी मिळून पार्सलं बांधतात. कैलासला नावही ठाऊक नाही कोणाकडून घेतलं.

"मले सांगितलं काऊन नाही?"

सुलोचना म्हणाली, "सांगतलं असतं तं तुमी विकू देलं असतं?"

नसतं दिलं. खरं आहे.

रागावणार होतो, पण हसूच आलं. मग डोळे भरले. माझा माल लोकांना नको झाला नव्हता! माझं लेक्चर नको होतं, एवढंच.

२३ ऑक्टोबर

आता प्रफुलचं काय करू? शब्द दिला आहे. बाजारात आजवर शब्द फिरवला नाही. जेवण गेलं नाही. दुकान हवं आहे मला! सुटलो सुटलो म्हणत होतो, सगळं खोटं.

२४ ऑक्टोबर

प्रफुलकडे गेलो. कसंबसं म्हटलं, "बाबू, दुकान देता येत नाही."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "काकाजी, काकू तं दसऱ्याच्या संध्याकाळीच नाई म्हणून गेलत्या! मी दुसरा गाळा घेतला बी."