आधी विचारायचं

नाही आप्पा, हात धरून ओढून आणलेला माणूस नाटकात येत नसतो, नुसता लोकांसमोर येतो. आता मधे बोलू नका. मी शाळेत होतो तेव्हाच तुम्ही मला पोरकं करून गेलात, पण दौंडला शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला सारून आम्ही तालीम करतो आणि मी कुणाला "येता का?" म्हणून विचारलं, की पाठीमागनं तुमचा तो घोगरा आवाज येतोच. "इचारतोस काय? आपल्याला कवा कुणी इचारलं व्हतं का?" मी वळून बघत नाही. मागं तुमचा जलशातला डफ शेकल्याचा वास असतो. आमच्यात डफ कुणाकडंच नाही.

निमोण्याचा तो जलसा मला अजून दिसतो. भर दुपार, चिंचेखाली गर्दी, आणि तुम्ही विहिरीचा मालक झालेले. तहानलेल्या बाईचं सोंग घेणारा गडी तापानं पडला होता. तुम्ही बोलता बोलता बायकांत शिरता आणि आईचं मनगट धरता. "ही बगा, ही हाय तहानलेली!" आई म्हणते, "अवं, नको." मी तिला चिकटून बसलोय, मला ऐकू येतं. लोकांना वाटतं तेही सोंगातलंच, ते हसतात. तुम्ही तिला मधोमध वाकवलंत, ओंजळ धरायला लावलीत आणि वरनं, विटाळ नको म्हणून लांबनं, पाणी ओतलंत. तशी ओंजळ तिनं लहानपणी माहेरच्या विहिरीवर खरीच धरली होती. तुम्हाला ते ठाऊक होतं, म्हणून तर तिला उठवलंत. हसणारी माणसं रडायला लागली. घरी येताना तुम्ही खुशीत, "आसा जलसा पुन्ना व्हनार न्हाई." आई ओला पदर मुठीत धरून चालत होती. त्यानंतर तुमच्या एकाही जलशाला ती आली नाही, आणि का येत नाहीस हे तुम्ही तिला एकदाही विचारलं नाहीत.

म्हणून आमचा नियम. ज्याला खेळात यायचंय त्यानं सतरंजीवर बसायचं, नुसतं बघायचंय त्यानं बाकावर. सतरंजीवरच्यालाही दर वेळी विचारायचं. नको म्हणाला तर "बरं" म्हणून पुढं जायचं. गप्प राहिला तरी ते नकोच धरायचं. आमच्यातला एकजण लोको शेडला फिटर आहे, तो म्हणतो, "गड्या, तू इचारंपर्यंत मनमाडची गाडी जाऊन माघारी यील." हसतो, पण विचारतो.

गेल्या रविवारी खेळ होता. आई शिरूरहून एसटीनं आली. मी बोलावलं नव्हतं, माझी छातीच झाली नव्हती. दाराशी बाकावर बसली. आमच्याही खेळात विहिरीचा प्रवेश आहे, तो आला. तिच्याकडं न बघता मी विचारलं, "इथं एक बाई उभी आहे. तहान लागलीय. कुणी येतं का? नको म्हटलं तरी चालेल."

आई उठली. सतरंजीवरच्या माणसांतनं वाट काढत मधे आली.

"आई, खरंच यायचंय?"

"व्हय. पन मी वाकनार न्हाई. तांब्या आन हिकडं."

मी दिला. तिनं मोकळ्या जागेकडं तोंड केलं, जिथं कुणीच नव्हतं.

"अवं, बसा खाली. लांबनं आलाय, तहान लागली आसंल. पानी देऊ का? नको म्हनलं तरी चालंल."

आणि ती थांबली. तांब्या तिरका, पण थेंब पडू दिला नाही. स्टेशनात इंजिन फुसफुसत होतं, तेवढंच. फिटरनं मला खुणावलं, पुढं चल. पण तिला उत्तर हवं होतं आप्पा, ती खरंच विचारत होती. ती उभीच. मग म्हणाली, "गप ऱ्हायल्यात. म्हंजी नकोच." तांब्या माझ्या हातात दिला आणि बाकावर जाऊन बसली. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला समजेना.

स्टँडवर गाडी लागल्यावर तिनं विचारलं, "तुला काय ऐकू आलं का रं?"

"न्हाई."

"मला वाटलं, आलं," म्हणाली आणि चढली. खिडकीतनं माझ्याकडं बघितलं नाही.

हे मी पुढच्या खेळात टाकणार का? टाकणार नाही. पण तुम्हाला एवढं सांगतो, मलाही ऐकू आलं होतं. बारीक, घोगरं, "दे." तिला सांगितलं नाही, कारण ते तुम्ही म्हणालात की माझ्याच तोंडातनं निसटलं, याची मला खात्री नाही. आता काही बोलू नका. माझी तालमीची वेळ झाली, मी निघालो.