कडा असमान, पुन्हा करावे

१ मे, सकाळी ७.१०
महाविद्यालयास उन्हाळी सुटी लागली. साहाय्यक ग्रंथपाल या नात्याने चोवीस वर्षे मी इतरांच्या ग्रंथांवर शिक्के मारले. आता काळावर स्वतःचा शिक्का उमटवण्याचा मानस आहे.
संकल्प: हस्तनिर्मित पोर्टफोलिओ व प्रस्तुतिग्रंथ यांची निर्मिती. चित्रकार, वास्तुविशारद, डिझायनर आदी गुणिजन मुलाखतीस जाताना ज्या भारदस्त ग्रंथातून आपले काम मांडतात, तो ग्रंथ. सोलापुरात असा कारागीर माझ्या पाहण्यात नाही. उद्यापासून असेल.
पात्रता: बाइंडिंगला धाडलेली पुस्तके परत आली की मीच तपासतो. नव्या पेठेतला बाइंडर कुंडलिक गठ्ठे घेऊन येतो आणि मी रजिस्टरातील शेऱ्याच्या रकान्यात लिहितो, ‘कडा असमान. पुन्हा करावे.’ कडा समान असल्या तरी एखाद्या पुस्तकापुढे लिहितोच. त्यावाचून मनुष्याची उन्नती होत नाही.

१ मे, दुपार
व्हिजिटिंग कार्डे छापावयास टाकली. पाचशे. एकाच बाजूस मजकूर; मागील बाजू कोरी ठेवणे अभिरुचीचे लक्षण होय. सौ. म्हणाली, “आधी एक तरी करून बघा की ओ.” अल्पसंतुष्टता हा आमच्या कुटुंबास जडलेला जुना विकार आहे.

३ मे
प्रथम ग्राहक, तेही घरचेच. थोरल्या बहिणीची कन्या महेश्वरी होटगीहून आली. तिने टेक्सटाइल डिझाइनचा डिप्लोमा केला असून चार वर्षांत हातमागावर स्वतः विणलेले बावीस नमुने तिच्यापाशी आहेत. पुढील शिक्षणाच्या प्रवेशासाठी २६ मे रोजी अहमदाबादेस मुलाखत. ते नमुने ही मुलगी साध्या फाइलीत घालून नेणार होती. मी म्हणालो, फाइल कारकून नेतात, कलावंत ग्रंथ नेतो. ती जरा घुटमळली, मग म्हणाली, “तुम्ही एवढं म्हणताय तर करा मामा. पण चिकटवू नका. वरच्या कडेला नुसते दोन टाके घाला. ते लोक कापड उलटून बघतात. विणलंय कसं ते मागच्या बाजूनंच कळतं.”
मी मान डोलावली. उलटी बाजू लोकांस दाखवण्यात कसली आली शोभा, हे मनातच ठेवले.
जाताना तिने नमुने एकेक करून माझ्या हातात दिले. इरकली काठाचा नमुना शेवटी दिला. तो एकटा विणण्यात तिचे आठ महिने गेले. म्हणाली, “दुसरे नाहीत बरं का, मामा.”

५ मे
पुठ्ठा व दोरा घेण्यासाठी कुंडलिकच्या दुकानी गेलो. शिकण्यासाठी नव्हे. त्यास कार्ड दिले. त्याने ते लांब धरून वाचले आणि खिशात ठेवले. मग न विचारता बोलू लागला, “सायेब, कापडं लावल्यावर पानं फुगत्यात. दर पानाच्या मुळाशी पुठ्ठ्याची बारीक पट्टी घाला, न्हायतर बुक आ करतंय. आन् पुठ्ठ्याला भायेरनं कापड लावलं की आतनंबी कागद लावा, न्हायतर वाकतोय. आधी एक कोरं करून बगा की.”
हे वाक्य शहरात साथीसारखे पसरलेले दिसते.
भाचीचे काम आहे असे कळताच म्हणाला, “मग मीच करून देऊ का? चार दिसांत देतो.” स्पर्धेचे भय माणसास किती उदार करते. मी नम्रपणे नकार दिला. त्याने कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली पिठाची खळ डबाभर भरून दिली.

८ मे
मुखपृष्ठासाठी अस्सल सोलापुरी चादर. आमच्या विवाहात आलेली, पंचवीस वर्षे कपाटात घडीही न मोडलेली. अखेर तिच्या जीवनास प्रयोजन लाभले. मी कात्री चालवत असताना सौ. दारात उभी होती. चादरीची झिप असलेली पारदर्शक पिशवी तेवढी उचलून आत घेऊन गेली.

९ मे
पुठ्ठ्यांनी किंचित वक्रता धारण केली आहे. ही उणीव नव्हे. वाचकाच्या तळहातास अनुकूल असा आकार होय. सौ. कडक भाकऱ्या पाट्याखाली दाबून ठेवत होती. माझे पुठ्ठे पाहून म्हणाली, “एकाच अंगानं वाळली की भाकरीपण अशीच वाकडी होते. दोन्ही अंगं बघावी लागतात.” बावीस नमुन्यांच्या कलाग्रंथाची तुलना ज्वारीच्या भाकरीशी. ती दुपारी निजल्यावर मी पाटा माझ्या पुठ्ठ्यांवर आणून ठेवला.

१२ मे
टाके घालण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. तीन टाके, दोन बोटे, एक नमुना तिरका. सकाळ संपली. चिंतनाअंती निर्णय: चिकटवणे. टाका म्हणजे तात्पुरती सोय. चिकटवणे म्हणजे वचन. शिवाय परीक्षक सुसंस्कृत असतील, ते कापडाची पाठ पाहणार नाहीत. मुळाशी पट्ट्या घालणे वेळखाऊ व दिसावयास ओबडधोबड, सबब रद्द.
सोळा नमुने खळीने चिकटवले. खळ संपली. कुंडलिककडे पुन्हा जाणे प्रतिष्ठेस साजेसे नव्हते. उरलेल्या सहांसाठी हार्डवेअरच्या दुकानातून पांढरा गम आणला. लाकूडसुद्धा सुटत नाही, अशी दुकानदाराने ग्वाही दिली. इरकली काठास सर्वांत भक्कम आधार मिळाला, याचे समाधान आहे.

१३ मे
ग्रंथ पूर्ण.
ग्रंथ मिटत नाही.

१३ मे, दुपार
पाटा ठेवला की मिटतो. पाटा काढला की पुन्हा तोंड उघडतो, जणू काही बोलावयाचे आहे. काही नमुन्यांवर खळ वर आली असून रंगांवर धुके पसरल्यागत दिसते. धुके हाही एक परिणाम आहे.

१५ मे
महेश्वरीचा फोन. “झालं का मामा? टाके फार दिसत नाहीत ना?”
मी म्हणालो, टाके अजिबात दिसत नाहीत.
हे अक्षरशः सत्य आहे.
तिने फोटो मागितला. एका हाताने ग्रंथ दाबून धरला, दुसऱ्या हाताने फोटो काढला, अंगठा दिसत होता तेवढा भाग कापून धाडला. तिने जोडलेल्या हातांचे चित्र पाठवले. त्या हातांकडे मी फार वेळ पाहिले नाही.

१८ मे
सर्व काही तिला स्पष्ट सांगावे, असा विचार स्नानाच्या वेळी आला. स्नान संपले.

१९ मे
उद्या सांगतो.

२० मे
आज मंगळवार. मंगळवारी अप्रिय बोलू नये, असे आई म्हणत असे. म्हणत असे की नाही, हे आता कोणास विचारणार.
पाटा परत मागताना सौ. म्हणाली, “पोरीला काय सांगणार हाव तुम्ही?” मी पाटा दिला.

२१ मे, सकाळ
महेश्वरी दोन दिवस आधीच आली. नमुन्यांसोबत द्यावयाच्या नोंदी त्यांना पाहून लिहिणार, म्हणे.
ग्रंथ टेबलावर होता, तोंड उघडून. तिने पहिले पान काढले. कापडाच्या कोपऱ्याखाली नख घालून पाहिले. दुसरे पान. तिसरे. बावीसही कोपऱ्यांना तिने नख लावले. इरकलीपाशी जरा अधिक वेळ.
मी सौंदर्यशास्त्रावर बोलावयास आरंभ केला. वाक्य मध्येच सोडले. पूर्ण केले असते तरी कोणी ऐकत नव्हते.
ती म्हणाली, “हे निघतं का, मामा?”
एवढेच. ‘सांगितलं होतं’ असे म्हणाली असती तर मला निदान रागावता आले असते.
मग तिने ग्रंथ मिटला. तो आपोआप उघडला. तिने पुन्हा मिटला आणि हाताने दाबून धरला, जसा मी फोटोसाठी धरला होता. तेव्हा तिला फोटो कळला असावा. माझ्याकडे पाहिले नाही. सौ.ला म्हणाली, “मामी, ते बाइंडर कुठं बसतात?”

२१ मे, सायंकाळ
कुंडलिकचे दुकान. सौ.ही सोबत आली. त्याने गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितले, ओले फडके पानामागे लावले आणि सुरीच्या बोथट पाठीने कडा उचलू लागला. मजकडे पाणी भरलेले भांडे धरण्याचे काम होते. मी ते उत्तम प्रकारे पार पाडले.
“खळ हाय तवर भ्याव न्हाय पोरी,” तो तिला म्हणाला, “खळ माघार घेती.”
सोळा निघाले. सतरावा निघेना. त्याने वास घेतला. “ह्यो पांढरा गम. ह्यो माघार घेत न्हाय.” ओढून पाहिले तेव्हा कागदासह धागे सुटू लागले. महेश्वरी म्हणाली, “राहू द्या काका. ओढू नका.” इरकलीस त्याने हातच लावला नाही.
हे कोणी केले, असे त्याने विचारले नाही. उघड्या ग्रंथाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “कडा मात्र समान हायत, सायेब.”
घरी येताना आम्ही तिघेही रिक्षात रस्त्याकडे पाहत होतो.

२२ मे
कुंडलिकने सोळा नमुने सोळा काळ्या कार्डांवर, वरच्या कडेला दोन-दोन टाके घालून दिले. एका दिवसात. शिवण पाहिली. बोलण्यासारखे काही आढळले नाही.

२४ मे
स्टेशन. सोळा कार्डे सौ.ने जपून ठेवलेल्या चादरीच्या पिशवीत घातली होती. चपखल बसली. झिपही लागली. मी भाकऱ्यांचे पुडके धरले होते. गाडी हलताना महेश्वरी खिडकीतून म्हणाली, “मामा, काळजी करू नका.” काळजी करण्याचा अधिकार कोणाचा होता, याचा विचार करीत फलाटावर बराच वेळ उभा राहिलो. मग सौ.ने बाही ओढली.

२६ मे
फोन आला. परीक्षकांनी प्रत्येक कापड उलटून पाहिले. एक बाई भिंग घेऊन आल्या होत्या. कापडे एवढी ताठ कशाने, असे विचारता ही म्हणाली, “घरी खळ लागली.” काठाचे काम आहे का, असेही विचारले. “आहे, पण आणता आलं नाही,” म्हणाली. माझे नाव घेतले नाही.
घेतले असते तर बरे झाले असते.

११ जून
निकाल. वेटिंग लिस्ट, तिसरा क्रमांक. जागा रिकामी झाली तर बोलावतील. मी विचारले, ते सहा नमुने असते तर? ती म्हणाली, “काय माहीत, मामा.” नाही म्हणाली नाही. तिला खोटे बोलता येत नाही; हा गुण आमच्या घराण्यातला नव्हे.
तिने माग पुन्हा लावला आहे. इरकली काठ पहिल्यापासून. मी म्हणालो, काही मदत लागली तर. तिने फोन तिच्या आईकडे दिला.
ग्रंथाचे पुठ्ठे सौ.ने सोडवून घेतले. दोहोंच्या मध्ये भाकऱ्या ठेवून वर पाटा ठेवते. पुठ्ठे आता सरळ झाले आहेत.

१६ जून
महाविद्यालय उघडले. कुंडलिक चाळीस पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आला. रजिस्टर उघडले. शेऱ्याचा रकाना. मागील पाने चाळली, चाळावयास नको होती. एकच वाक्य, एकच अक्षर, चोवीस वर्षे.
मी लिहिले, ‘सर्व काम समाधानकारक.’
कुंडलिक सही करावयास वाकला, वाचून थांबला. “सायेब, तुमी बगितलीच न्हाईत पुस्तकं.” मी म्हणालो, पाहिली. “न्हाय बगितली. ह्या तिनाच्या कडा खरंच वरखाली झाल्यात. मशीनचं पातं गेलंया. मी सांगनारच हुतो.” आणि तीन पुस्तके बाजूला काढली.
मी म्हणालो, असू दे. तो म्हणाला, “असू दे कसं? पोरं वाचनार हायत की.”
खूण घालावयास त्याने चिठ्ठी मागितली. माझ्या खिशात कार्डांखेरीज काही नव्हते. तीन दिली. त्याने एक उलटून पाहिले. “मागनं कोरं हाय, बरं झालं,” म्हणाला. माझे पेन घेतले आणि तिन्ही कार्डांवर, जिभेचे टोक दातात धरून, सावकाश लिहिले: कडा असमान. पुन्हा करावे.