आईच्या डोक्यातली लाल कड

९ मार्च

प्रिय आस्लाक,

तुम्ही सगळे बरे असाल. यंदा तुमच्या व्हार्डोकडे कॉड मासा भरपूर मिळतोय, असं रेडिओवर ऐकलं. गेर्डवहिनीची पाठ कशी आहे? इकडे बर्फ वितळायला लागलंय, रस्ते निसरडे झालेत. मी ठीक आहे.

चार वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट न फोडताच शेगडीत टाकावंसं वाटेल तुला. टाकू नकोस. आईबद्दल लिहितेय. आई जिवंत आहे, हे आधी सांगते.

जानेवारीत तिला शब्द आठवेनासे झाले. सुरीला "ते, मासे कापायचं" म्हणायला लागली. मी तिला बेटावरून इथे शहरात आणलं आणि माझ्या हॉस्पिटलात, आमच्याच विभागात तपासलं. मेंदूच्या आवरणावर, डाव्या बाजूला, छोट्या बटाट्याएवढी गाठ निघाली.

मग दुसरी तपासणी झाली, गाठ किती टणक आहे ते बघायची. डोक्याखाली थरथरणारी उशी ठेवतात. तिच्या लाटा मऊ भागातून हळू जातात, टणक भागातून वेगाने. मशीन ते टिपतं आणि चित्र काढतं, मऊ ते निळं, टणक ते लाल. मशीनवर मीच होते. आई आतून ओरडली, "टुरिड, ही कसली उशी गं? तुझ्या बापाच्या बोटीचं इंजिन काढून आणलंस काय?" आम्ही सगळे हसलो.

चित्रात गाठ निळी होती. फक्त आतली कड लालभडक, आणि ती बोलण्याच्या भागाला रक्त नेणाऱ्या धमनीला चिकटलेली. व्हिबेके, आमची सर्जन, आईच्या पलंगावर बसली आणि तिने स्पष्ट सांगितलं, "निळं आहे तेवढं मी काढेन. लाल कड तशीच सोडेन. पण तिच्या अगदी जवळ जावं लागणार आहे. बोलणं जाऊ शकतं. ज्यांच्याशी बोलायचंय त्यांच्याशी आज बोलून घ्या."

आईने मावशीला फोन केला. शेजारच्या ओड्नीला केला, कोंबड्यांना काय घालायचं ते सांगितलं.

ऑपरेशन नऊ तास चाललं. व्हिबेकेने कडेला हात लावला नाही, तरी तिथली एक बारीकशी रक्तवाहिनी बंद पडली. आता आईला सगळं कळतं, हाताने कप धरते. पण पाच आठवडे तिच्या तोंडात एकच शब्द होता. "लागला?" सूप आणलं की "लागला?" खिडकी उघडली की "लागला?" तिला बोलायला शिकवणारी रुना मला विचारायची, "हा शब्द कुठून आला? घरातलं काही आहे का?" मी म्हणायचे, माहीत नाही.

माहीत होतं, आस्लाक.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आई मला म्हणाली, "आता आस्लाकला लाव." काय बोलायचंय, मी विचारलं. "ते त्याच्याशीच बोलायचंय. तुला कशाला?" मी फोन घेऊन बाहेर गेले. खिडकीपाशी उभी राहिले, आत आले आणि म्हटलं, उचलत नाही. "बोटीवर असेल. पुन्हा लाव." मी पुन्हा बाहेर जाऊन उभी राहिले. सकाळी तिला आत नेताना तिने माझी बाही धरली. "लागला?" मी म्हटलं, नाही.

चार वर्षांपूर्वी तू वेळेवर पोचला नाहीस आणि बाबांच्या शवपेटीला तुझ्या बाजूने शेजाऱ्यांनी खांदा दिला, ते माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. वाटलं, एकदा तुलाही कळू दे, उशीर म्हणजे काय. उद्या ती शुद्धीवर आली की लावेन, असं स्वतःला समजावलं. ते चित्र मी माझ्या हातांनी काढलं होतं. ती लाल कड कुठे आहे, हे त्या इमारतीत व्हिबेकेनंतर मलाच सगळ्यात चांगलं माहीत होतं.

परवा आईला खरं सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून तो एक शब्दही ती बोललेली नाही. जेवत नाही. रुना म्हणते, या महिन्यात बोलती झाली नाही तर पुढे फार आशा धरू नका. काल तुला तीनदा फोन केला. तू उचलला नाहीस. या वेळी खरंच केला होता.

तू ये. सकाळी ये, दुपारनंतर ती थकते. तिला काय सांगायचं होतं ते आता कदाचित कळणार नाही. पण तू समोर बस. मी खोलीत नसेन. माझ्याशी बोलायची गरज नाही, मला माफही करू नकोस. फक्त हे पत्र वाचून झालं की बोटीकडे जाऊ नकोस, विमानतळावर जा.

त्या दिवशी जिने तुझा नंबर दाबलाच नाही, ती
टुरिड