वहिनी, बाबाले थांबवा

दवाखाना, भंडारा
६ जानेवारी १९८३

सौ. रुखमावहिनीस, देवराचा डाव्या हातानं नमस्कार, वि. वि.

अक्षर कोंबडीनं पाय मारल्यासारखं दिसन, दिसू द्या. धान कापताना विळ्यानं उजव्या पंजाच्या शिरा तुटल्या, डाक्टरनं शिवल्या, इथपर्यंत बेस होतं. आता मले सुमनबाईच्या ताब्यात देल्लं. तिच्या दारावर पाटी आहे, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मंजे बिघडल्या हाताले पुन्हा कामाले लावणारी बाई. मले वाटलं मालीश करन. तं बाईनं पहिल्याच दिवशी माझ्यापुढं परात सरकवली अन् कणीक मळा म्हणाली!

वहिनी, मी शंकरपटातला धुरकरी. माझी बैलजोडी मी शर्यतीत हाकताना पाहाले लोक झाडावर चढतेत. अन् इथं मी कणीक मळून राह्यलो. मंग मातीचे गोळे करा. मंग दोरीवर कपड्याचे चिमटे लावा. कपडे कोणाचेच नाईत, नुसतेच चिमटे! मी म्हटलं बोटं वळत नाईत, तं म्हणते म्हूनच लावा. माय आली होती तवा तिनं मले घास भरवला. बाईनं मायच्या हातचं ताट काढून माझ्यापुढं ठेवलं. माय भिताडाकडं तोंड करून बसली अन् मी सांडत सांडत जेवलो. ह्याले इलाज म्हणतेत काय? घरी सांगा, इथं पोराची सून करून राह्यले.

लाखोळीच्या भाजीतला माझा वाटा कोणाले देऊ नका. अन् माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा देवर,
इश्वर

एकोडी
११ जानेवारी १९८३

चि. इश्वरभाऊजी यांस, वहिनीचे अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. मी मनात वाचून हसत होती, तं बाबांनी मोठ्यानं वाचाले लावलं. पोराची सून इथपर्यंत आली अन् बाबा खाटेवरून उठलेच. मायनं ताटाचं सांगून पदर डोळ्याले लावला. झालं. आता बाबा म्हणून राह्यले का घरी इतली माणसं असताना माझ्या पोरानं कायले कणीक मळावी. सोमवारी एस.टी.नं येतेत अन् तुमाले घरी आणतेत. हात गेला तं गेला, माय भरवन, पोरगा बसून खाईन, असं म्हणतेत. पटाची जोडी काकाच्या डोमाले देल्ली बी. डोमा काल कासरा खांद्यावर टाकून आपल्याच दारापुढून येरझारा घालत होता.

मले राग बाबाचा नाई आला, तुमचा आला. घरी पाण्याचा गिलास उचलला नाई कधी, अन् कोणी कणीक मळून घेतली तं गावभर बोंब? त्या बाईच्या मी पाया पडीन. मस्करी सोडून खरं लिहा. हात वळून राह्यला का नाई?

तब्येत सांभाळा, वहिनीवर रुसू नका.

तुमची वहिनी,
रुखमा

दवाखाना, भंडारा
१४ जानेवारी १९८३

सौ. वहिनीस, घाईघाईचा नमस्कार.

वहिनी, बाबाले थांबवा! चप्पल लपवा, एस.टी. चुकवा, काही बी करा. मी आपलं रागानं लिहिलं, अन् तुमी भर आंगणात वाचलं? अन् डोमा! ज्याले शेळी ओढत नेते, तो भुऱ्या-चांद्याचा कासरा धरन?

खरं ऐका. सुमनबाईवर सूड म्हून मी तिच्याच मातीची तिचीच मूर्ती केली. नाक हे लांब, अंबाडा भोपळ्याएवढा. टेबलावर ठेवली अन् डोळे मिटून पडलो. सारा वार्ड हसला. बाई आली, मूर्ती पाह्यली, रागावली नाई. नाक कोणत्या हातानं ओढलं, इतलंच तिनं विचारलं. मी आपल्या हाताकडं पाहातच राह्यलो. उजव्या चिमटीनं ओढलं होतं, वहिनी! अंगठा बोटाले भेटतच नव्हता, तो कधी भेटला मले पत्ता नाई.

मंग तिनं विचारलं का हात कायच्यासाठी पाह्यजे. म्हटलं कासऱ्यासाठी. तवापासून रेतीच्या पिशवीले दोरी बांधून देल्ली, ती ओढत असतो. मूठ अजून पुरी मिटत नाई. ती म्हणते का आता घरी गेलो अन् सारे भरवत बसले, तं शिरा आखडतीन अन् पंजा जल्मभर असाच राहीन. मले शिव्या द्या, पण बाबाले थांबवा.

तुमचाच गाढव,
इश्वर

दवाखाना, भंडारा
१८ जानेवारी १९८३

सौ. वहिनीस नमस्कार, वि. वि.

माझं पत्र तुमाले भेटाच्या आधी बाबा इथं भेटले. आल्या आल्या माझे कपडे थैलीत कोंबले. सुमनबाई आली तं तिच्यावर ओरडले का माझ्या पोराले बायकांची कामं सांगणारी तू कोण. बाईचा बी पारा चढला. ती म्हणाली का खुशाल न्या, पण मंग जल्मभर घास तुमीच भरवा, अन् तुमच्यामागं कोण भरवन तेबी आताच ठरवून जा. बाबा थैली मांडीवर घेऊन खाटेच्या कडेले टेकले.

मी म्हटलं, मार खाईन पण येत नाई. बाबांनी मायनं देल्लेलं संत्रं काढलं अन् सवयीनं सोलाले बसले. मी ते त्याहीच्या हातातून घेतलं.

वहिनी, पटात इतका घाम नाई येत. नख रुतेना. सालीचे तुकडे पडत. संत्रं खाटेखाली बी जाऊन आलं. बाबाचे हात घडीघडी पुढं येऊन राह्यले होते. शेवटी ते आपल्याच हातांवर बसले, दोन्ही मांड्यांखाली दाबून, शाळेतल्या पोरासारखे. संत्र्याचा चेंदा झाला, पण एक फोड साबूत निघाली. ती मी उजव्या चिमटीनं त्याहीच्या तोंडापुढं नेली. बाबांनी तोंड उघडलं.

मंग थैलीतले सदरे काढून त्याहीनं खुंटीवर टांगले. जाताना बाईशी एक शबद बोलले नाई. पण चिमट्याची दोरी ढिली झाली होती, ती मात्र घट्ट बांधून देल्ली.

यंदाचा पट माझ्याविना होईन, बाईनं साफ सांगतलं. डोमाले हाकू द्या. पण तो जिंकला तं मले कळवू नका.

मायले सांगा, मी आलो का ताट पुढं ठेवायचं अन् दूर बसायचं. लोभ आहे तो वाढवा, पण घास भरवू नका.

तुमचा देवर,
इश्वर